अभद्र बोलणारी माणसं

आषाढ लागला की कोल्हापुरात माणसं फुटांत बोलायला लागतात. "किती झालं?" "सदतीस." बास, एवढंच. कशाचं आणि कुठलं, हे कुणी विचारत नाही. कसबा बावड्याजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी मोजतात, तो हा आकडा. 39 फूट ही इशारा पातळी आणि 43 फूट ही धोका पातळी, हे इथल्या शाळकरी पोरांनाही पाढ्याआधी पाठ होतं. भाजीवाली मेथीची जुडी हातात देता देता आकडा सांगते, रिक्षावाला मीटर टाकता टाकता सांगतो. आधीच्या पिढ्या आकड्याऐवजी शिवाजी पुलाकडे बघायच्या. पाणी पुलाच्या कमानींपर्यंत चढलं की "मच्छिंद्री झाली" म्हणायचे, अजूनही म्हणतात. आणि मच्छिंद्री झाली की निम्मं गाव पूर बघायला नदीवर. पूर बघायला जाणं हा आमच्याकडे जवळजवळ सणच आहे. भाजलेलं कणीस तेवढं हातात पाहिजे.

नदीवर इतकी नजर ठेवून असलेलं गाव दुसरं नसेल. तरी 2019च्या ऑगस्टमध्ये काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं. पाणी 55 फुटांच्या वर गेलं. शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग जवळपास आठवडाभर पाण्याखाली. पेट्रोल फक्त अत्यावश्यक गाड्यांना. भाजी नाही, दूध नाही. आणि सगळ्यांत मोठी चेष्टा म्हणजे शिंगणापूर-बालिंग्याची उपसा केंद्रंच बुडाली, त्यामुळे चहूबाजूंनी पाणी आणि घरातल्या नळाला थेंब नाही. पुराच्या काठावर उभं राहून टँकरची वाट बघणारी माणसं त्या आठवड्यात मी पाहिली. त्यांतल्या प्रत्येकाला राजाराम बंधाऱ्याचा त्या तासाचा आकडा माहीत होता.

तेव्हापासून एक गोष्ट डोक्यात घोळते आहे. सावध माणूस आणि आधीच तजवीज करून ठेवणारा माणूस ही आपण एकाच घरातली भावंडं समजतो. मला वाटतं ती एकमेकांची नातेवाईकसुद्धा नाहीत. कधीकधी तर त्यांचं पटतही नाही.

आमचे सासरे, आबा, यांच्याइतका सावध माणूस मी आयुष्यात पाहिलेला नाही. रात्री गॅसचा रेग्युलेटर स्वतः बंद करणार. मी आधीच केला असला तरी एकदा चालू करून परत बंद करणार. कुलूप लावल्यावर ओढून बघणार, चार पावलं जाऊन परत येऊन ओढणार. लाइट बिल आलं त्याच दिवशी भरलं नाही तर त्यांना रात्री झोप नाही. एसटीला अर्धा तास आधी. गरम चहा बशीत ओतूनसुद्धा फुंकर मारल्याशिवाय तोंडाला लावणार नाहीत. हे सगळं मी चेष्टेनं सांगत असले तरी खरं सांगायचं तर या माणसाच्या जिवावर आमचं घर चाललं. त्यांच्या हातून कधी काही हरवलं नाही, सांडलं नाही, फुटलं नाही.

2019च्या त्या रात्री आबा गल्लीच्या तोंडाशी बॅटरी घेऊन उभे होते. कोपऱ्यावर कुणाच्या तरी बांधकामाच्या विटा रचलेल्या होत्या. आबांनी त्यांनाच पट्टी केलं. "तिसऱ्या विटेला लागलं." अर्ध्या तासानं, "तिसरी बुडाली." तासाला किती बोटं पाणी चढतंय, याचा त्यांचा हिशेब पक्का होता. गल्लीतली तरणी पोरं मोबाइल सोडून आबांना विचारत होती. छत्रीतून पाणी गळत होतं, धोतर गुडघ्यापर्यंत भिजलं होतं, पण नजर विटेवरून हलत नव्हती.

आणि घराचं खरेदीखत, विम्याची कागदपत्रं, आमच्या सगळ्यांची सर्टिफिकेटं लोखंडी कपाटाच्या सगळ्यांत खालच्या ड्रॉवरमध्ये होती.

मी म्हटलं, "आबा, कागदपत्रं तेवढी माळ्यावर टाकूया का?"

"अभद्र बोलू नकोस," आबा म्हणाले. "2005ला दुसऱ्या पायरीच्या वर आलं नव्हतं."

पहाटे पाणी उंबऱ्याच्या आत आलं. पुढचं सांगत बसत नाही, ज्यांच्या घरात शिरलं त्यांना माहीत आहे आणि ज्यांच्या शिरलं नाही त्यांना सांगून कळणार नाही. पाणी उतरल्यावर आम्ही ते कागद पंख्याखाली पापडासारखे पसरून वाळवत होतो. खरेदीखतावरची शाई पसरली होती. नेमका चतुःसीमेचा परिच्छेद गेला होता. पूर्वेस कोण, पश्चिमेस कोण, काही वाचता येत नव्हतं.

त्या रात्रीच्या आबांना बेसावध म्हणायची कुणाची प्राज्ञा आहे? अख्ख्या गल्लीत त्यांच्याइतका जागा माणूस नव्हता. मी पुष्कळ दिवस विचार केला की मग कमी काय पडलं. आणि प्रत्येक वेळी त्या एका शब्दापाशी येऊन थांबले. अभद्र.

पाणी वाढतंय, हे आबा दर अर्ध्या तासाला बोलत होते. "पाणी घरात येणार" हे वाक्य मात्र त्यांच्या तोंडून निघत नव्हतं. पहिलं वाक्य डोळ्यांसमोरचं आहे, त्याला धीर लागत नाही. दुसरं वाक्य उच्चारायचं तर पूर आधी मनातल्या मनात उंबऱ्याच्या आत घ्यावा लागतो. देव्हारा, धान्याचे डबे, आईंची, म्हणजे सासूबाईंची, शिवणाची मशीन हे सगळं पाण्यात बघावं लागतं. ते त्यांना जमत नव्हतं. मग लक्षात आलं की सावधपणातली सगळी तपासणी ही वाईट घडलेलं नाही, हे ऐकण्यासाठी असते. कुलूप ओढून बघणाऱ्याला ते लागलेलंच बघायचं असतं. विटेकडे बघणाऱ्याला पुढची वीट कोरडीच बघायची असते. तजवीज करणारा सुरुवातच उलट्या टोकाकडून करतो. येणार आहे, धरून चाला. आता सांगा, काय कुठं ठेवायचं?

आणि आपल्या घरांत असं बोललेलं चालत नाही. वास्तू तथास्तु म्हणत असते, अशी आपली श्रद्धा. तिन्हीसांजेला तर नाहीच नाही. "शुभ बोल नाऱ्या" म्हटलं की नाऱ्या म्हणतो, मांडवाला आग लागली. या नाऱ्याला पिढ्यानपिढ्या आपण हसत आलो. पण मला हल्ली त्याची कीव येते. बिचारा "मांडवाजवळ पाण्याचं पिंप भरून ठेवा" एवढंच म्हणाला असता, तरी त्यानं हेच ऐकून घेतलं असतं.

पूर तरी चार भिंतींबाहेरची गोष्ट. मरणाचं बघा. आमच्या नात्यातले एक गृहस्थ होते. दर महिन्याला शुगर तपासायचे, जिन्यावरून उतरताना कठडा धरायचे, हेल्मेटसक्ती नसतानाच्या काळापासून हेल्मेट घालायचे. मृत्युपत्राचा विषय मुलानं काढला तेव्हा दोन दिवस जेवले नाहीत. "माझ्या मरणाची वाट बघता काय?" ते गेल्यावर कळलं की एका खात्याला वारसाचं नावच लावलेलं नाही. त्यांच्या बायकोनं पुढं किती चकरा मारल्या ते मी मोजलं नाही, पण तिच्या चपला झिजलेल्या पाहिल्या. तो माणूस बायकोवर जीव टाकणारा होता, म्हणूनच तिच्यासमोर "मी नसताना" हे दोन शब्द त्याला उच्चारवले नाहीत. सावधपणा आणि प्रेम दोन्ही भरपूर होतं.

माझं माहेर भोगावतीकाठचं. तिथं मात्र माझे थोरले चुलते, आप्पा, हे अभद्र बोलण्यात पटाईत. नदीकाठच्या प्रत्येक शेतकऱ्याची पाणी उपसायची मोटार काठावर, नदीच्या अगदी अंगाला असते. पाणी वाढलं की मोटार बुडते. म्हणून पावसाळ्यात सगळेच ती काढून वर आणतात. प्रश्न फक्त कधी, एवढाच. बहुतेक लोक नदी गढूळ झाली, वरनं पाऊस जोर धरतोय असं दिसलं की धावतात. रात्री-अपरात्री, चिखलात, दोर लावून, आरडाओरडा करत. गावात त्याच्या शौर्यकथा आहेत. कोण कसा गळ्याइतक्या पाण्यात शिरला आणि मोटार घेऊनच वर आला, वगैरे. आप्पांची एकही कथा नाही. ते रोहिणी निघाल्या की, म्हणजे मेच्या शेवटालाच, मोटार काढतात. नदीत तेव्हा घोट्याएवढं पाणी. बोल्ट सैल करायला आदल्या दिवशी तेल सोडून ठेवतात, दुसऱ्या दिवशी सकाळी दोन गडी, ट्रॉली, तासाभरात मोटार गोठ्याच्या कोपऱ्यात बारदानाखाली.

मी लहानपणी एकदा तिथं होते. वाटेनं जाणाऱ्या कुणीतरी हटकलं, "आप्पा, नदीत पाणी न्हाई आन् मोटार काढालाईसा?"

आप्पा पान्हा न थांबवता म्हणाले, "पाणी आल्यावर लोक मोटार काढत न्हाईत. हुडकत्यात."

ऐकायला झकास वाटतं, पण या हुशारीची किंमत मला नंतर कळली. मोटार काढली की उसाला पाणी बंद. मृग कोरडा गेला तर आप्पांचा ऊस पिवळा पडतो आणि शेजाऱ्याचा, ज्याची मोटार अजून नदीवर आहे, त्याचा हिरवागार. एका वर्षी पाऊस लांबला तेव्हा चुलतीनं महिनाभर तोंडाचा पट्टा सोडला होता. "सगळ्या गावाला कळत न्हाई आन् तुमालाच तेवढं कळतंय." आप्पा ऐकून घ्यायचे. शेजाऱ्याच्या पाण्यातनं दोन पाळ्या घेतल्या, पैसे मोजले. पुढच्या वर्षी पुन्हा रोहिणी निघाल्या की पान्हा हातात.

सावधपणाला हा खर्च नाही. जागं राहायला काही पडत नाही, थोडी झोप जाते आणि वर लोक कौतुक करतात. तजवीजीचं बिल मात्र आधी येतं, आणि संकट आलं नाही तरी ते भरावंच लागतं. शिवाय ती जमली तर दाखवायला काहीच उरत नाही. न बुडालेल्या मोटारीची गोष्ट कोण सांगणार?

त्याच नदीवर गावचा बंधारा आहे. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा. आता महाराष्ट्रभर या नावानं ओळखला जातो आणि विदर्भातल्या माणसालाही हे नाव माहीत असतं, पण तो चालतो कसा हे शहरातल्या फार थोड्यांना ठाऊक. नदीत ओळीनं दगडी किंवा काँक्रीटचे खांब. खांबांना उभ्या खाचा. त्या खाचांतून आडवे बरगे, म्हणजे फळ्या, एकावर एक सोडायचे. पूर्वी लाकडी असत, आता बहुतेक लोखंडी. बरग्यांच्या दोन रांगा आणि मधल्या फटीत माती ठासून भरायची, म्हणजे पाणी झिरपत नाही. पावसाळा संपला, नदीचा जोर ओसरला की बरगे घालतात आणि वाहून जाणारं पाणी उन्हाळ्यासाठी अडवतात. आणि मेअखेरीस, पाऊस यायच्या आधी, सगळे बरगे काढून काठावर रचून ठेवतात. पावसाळ्यात बंधाऱ्याचे नुसते खांब उभे. पूर त्यांच्यातून, त्यांच्यावरून बिनबोभाट जातो.

मला या बंधाऱ्याचं लहानपणापासून अप्रूप वाटत आलंय. ही भिंत आहे आणि ती पावसाळाभर भिंत नसते. नदीला अडवायचं, पण तिची वेळ आली की वाट मोकळी करून द्यायची, हे बांधकामातच धरलेलं. ज्यानं कुणी हे पहिल्यांदा कागदावर काढलं, त्यानं पूर येऊ नये म्हणून प्रार्थना केली नसणार. पूर येणारच, त्याला जायला जागा ठेवा, असं म्हणूनच पहिली रेघ मारली असणार.

पण यातही एक गोम आहे. बरगे कधी घालायचे हे कॅलेंडर सांगू शकत नाही. लवकर घातले आणि परतीचा पाऊस कोसळला तर तुंबलेलं पाणी काठ कापून शेतात शिरतं, भरल्या पाण्यात बरगे उपसताना माणसांचा जीव टांगणीला. उशीर केला तर पाणी कर्नाटकात पोहोचलेलं असतं. मग दसऱ्याच्या सुमाराला गावातली चार जुनी माणसं नदीच्या काठावर बसून पाण्याचा रंग बघतात, आकाश बघतात, आणि वाद घालतात. म्हणजे तिथं शेवटी आबांसारखाच माणूस लागतो, विटेकडे टक लावून बघणारा. फरक एवढाच की त्याच्या बघण्याचं पुढं काय करायचं, हे आधीच ठरलेलं असतं. बरगे काठावर रचलेले असतात.

कोल्हापुरात या विषयावर बोलायचं आणि शाहू महाराजांचं नाव काढायचं नाही, असं होत नाही. पण मला त्यांच्या गोष्टीतला एकच धागा इथं हवा आहे. 1894ला ते गादीवर आले आणि लगेच दुष्काळांची रांग लागली. त्या वर्षांत त्यांनी स्वस्त धान्याची दुकानं काढली, शेतकऱ्यांना तगाईचं कर्ज दिलं, जनावरांना चारा दिला. एखाद्या जबाबदार राजानं जे करावं ते सगळं केलं. पण दुष्काळ सरल्यावर, लोक सुटकेचा श्वास टाकत असताना, 1902 साली त्यांनी पाटबंधाऱ्याचं धोरण जाहीर केलं, संस्थानातल्या विहिरी-तळ्यांची पाहणी करून घेतली आणि पुढं राधानगरीच्या धरणाला हात घातला. पुन्हा दुष्काळ पडणार, हे त्यांनी पाऊस चांगला पडत असताना बोलून दाखवलं. पैशाअभावी धरणाचं काम रखडलं. 1922च्या मेमध्ये महाराज गेले तेव्हा ते अपुरंच होतं, पूर्ण झालं स्वातंत्र्यानंतर. आज त्या धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. तलाव भरला की आपोआप उघडतात, एकेका दरवाजातून 1428 क्युसेक पाणी सुटतं आणि इकडं शहरात मोबाइल वाजायला लागतात, "राधानगरीचा तिसरा उघडला."

आता तजवीजही कशी फसते ते सांगते, नाहीतर हा लेख आप्पांची आरती होईल.

शहरातली कुंभार मंडळी नदी-नाल्याच्या अंगाला राहतात. शाहूपुरीची कुंभार गल्ली घ्या नाहीतर बापट कॅम्प. पंचगंगेला पूर येतो जुलै-ऑगस्टमध्ये आणि गणपती येतात भाद्रपदात. म्हणजे पाणी चढतं तेव्हा प्रत्येक घरात मूर्ती अर्ध्या रंगलेल्या, डोळे आखायचे राहिलेल्या, दाटीवाटीनं उभ्या असतात. शाडूच्या मूर्तीला पाणी लागलं की ती परत माती होते. वर्षाची कमाई आणि घेतलेलं कर्ज, दोन्ही एका रात्रीत गाळात.

आमच्या ओळखीचे एक मूर्तिकार आहेत. 2005च्या पुरानं त्यांना धडा शिकवला होता. त्या वेळी पाणी 50 फुटांच्या आसपास गेलं होतं. त्यांनी कारखान्याच्या भिंतीवर त्या पाण्याची रेघ ऑइलपेंटनं ओढून घेतली आणि रेघेच्या हातभर वर चौफेर लोखंडी मांडणी ठोकून घेतली. पावसाळा लागला की सगळ्या मूर्ती मांडणीवर. चौदा वर्षं गल्लीत त्यांचं उदाहरण दिलं जायचं. 2019ला पाणी रेघेच्या जवळपास पाच फूट वर गेलं. खाली ठेवणाऱ्यांचे गणपती गेले आणि मांडणीवर ठेवणाऱ्यांचेही गेले. फरक असा की खाली ठेवणाऱ्यांनी घाबरून आदल्या दिवशीच निम्मे हलवले होते. ह्यांना मांडणीचा भरवसा होता, त्यामुळे ते निवांत होते.

येणार, हे त्यांनी मान्य केलं होतं, पण मागच्या इतकंच येणार, असंही त्याच दमात धरून चालले होते. भिंतीवरची रेघ ही झालेल्या पुराची असते, होणाऱ्या पुराची नव्हे. पुराला आपली रेघ वाचता येत नाही.

नंतर मी त्यांच्याकडे गेले तेव्हा मांडणी काढून भंगारात घातली होती. आता त्यांनी वेगळंच काढलंय. आषाढापासून चातुर्मासात लग्नं नसतात, त्यामुळे मंगल कार्यालयं ओस पडलेली असतात. गावाच्या उंच भागातलं असं एक कार्यालय ते दिवाळी झाली की त्याच आठवड्यात जाऊन पुढच्या मोसमासाठी सांगून ठेवतात, इसार देऊन. शेवटचा हात तिथंच फिरवतात. 2021च्या जुलैमध्ये पाणी 56 फूट ओलांडून गेलं, म्हणजे 2019च्याही वर. तेव्हा त्यांचा एकही गणपती खाली नव्हता. करोनामुळे त्या वर्षी सरकारनं घरगुती मूर्ती दोन फुटांपर्यंतच ठेवायला सांगितल्या होत्या, त्यामुळे हलवायलाही सोप्या गेल्या, हा नशिबाचा भाग. भाड्याचे पैसे दर वर्षी जातात, पूर येवो न येवो. ते कुरकुरतात, आणि देतात. मला गंमत याची वाटते की हा माणूस आता आकडा बघत नाही. मागच्या पावसाळ्यात मी सवयीनं विचारलं, "किती झालं हो?" तर रंगाची वाटी ढवळत म्हणाले, "कुणास ठाऊक ताई. तुमीच सांगा."

सरकारदरबारी हेच काम नकाशावर रेघा ओढून होतं. निळी पूररेषा म्हणजे साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे 100 वर्षांतून एकदा येणाऱ्याची. या रेघांवरून गावात जेवढी भांडणं झाली, तेवढी पाण्यावरून झाली नसतील. तुमच्या प्लॉटवरून लाल रेघ जाते असं कुणी सांगितलं की माणूस तहसीलदारावर चिडतो, नदीवर चिडत नाही. पुन्हा तेच अभद्र. प्रयाग चिखली आणि आंबेवाडीच्या लोकांना 1989च्या पुरानंतर सोनतळीला जागा दिली. काहींनी तिथं घरं बांधली. पण शेत, गोठा आणि देऊळ जुन्या गावात, त्यामुळे मुक्काम तिथंच राहिला. त्यांना बेफिकीर म्हणणारे लोक बहुतेक करून दुसऱ्या मजल्यावर राहतात, असा माझा अनुभव आहे. रोज पहाटे धारेला जायचं असेल तर म्हशीपासून लांब कोण राहील? दुसऱ्यानं आपल्या वतीनं "तुमचं घर बुडणार" असं म्हणून केलेली सोय ही सोय वाटत नाही, शाप वाटते.

ज्या एका ठिकाणी मला हे सगळं सुरळीत चाललेलं दिसलं, ते शिरोळ तालुक्यातलं नृसिंहवाडीचं दत्ताचं देऊळ. कृष्णा-पंचगंगेचा संगम, आणि देऊळ थेट घाटावर, म्हणजे दर पावसाळ्यात पाण्यात जाणारच. पाणी चढायला लागलं, पादुकांवरून वाहून दक्षिणेच्या दारानं बाहेर पडायला लागलं की त्याला दक्षिणद्वार म्हणतात. त्या पाण्यात स्नान करायला लोक कुठून कुठून येतात. त्याच्याही वर पाणी गेलं की उत्सवमूर्ती वरच्या बाजूच्या नारायणस्वामींच्या मंदिरात नेतात. पूजा, आरती, कशाला खंड नाही. पुजाऱ्यांना कुणी "अभद्र बोलू नका" म्हणत नाही. पाणी कुठवर आलं की काय हलवायचं, हे देवाच्या नित्यक्रमातच बसवलेलं. मी एकदा दक्षिणद्वाराला गेले होते, गर्दीत, पायाखाली निसरडं, कमरेला पदर खोचून. शेजारच्या म्हातारीनं ओंजळीत पाणी घेऊन माझ्याही डोक्यावर टाकलं. तिच्या तोंडावर भीती नव्हती, लगीनघाई होती. तेच पाणी दहा कोसांवर आमच्या गल्लीत आलं असतं तर आम्ही दार लावून घेतलं असतं.

आमच्या घरी मी तजवीजीचा विषय काढला तो वाडीचं नाव घेऊनच. "देवसुद्धा सामान हलवतो, आबा." आबांना ते पटलं की माझी कटकट थांबवायची होती, ठाऊक नाही. पण कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवायला त्यांनी परवानगी दिली. डाव्या बाजूला फूट, उजव्या बाजूला काय करायचं. आकडा बघायचं खातं अर्थात आबांकडंच, त्यांच्याइतकं चोख कुणाला जमणार? 45ला गॅस सिलिंडर आणि मशीन वर, 47ला मेन स्विच बंद. 48च्या ओळीपुढं मी "घर सोडायचं" असं लिहिलं होतं. आबांनी चष्मा लावून वाचलं, काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी बघते तर ते शब्द खोडून त्यांच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं, "राजारामपुरीस पाहुण्यांकडे मुक्काम."

आईंनी त्या कागदाकडे आठवडाभर ढुंकून बघितलं नाही. मग एकदा पोळ्या लाटता लाटता विचारलं, "लोणच्याची बरणी कितीला?"

"धान्याबरोबर. 44ला."

"आणि कागदं?"

"41ला."

"मग बरणी 40ला लिही."

"आई, खरेदीखताची नक्कल काढताना काय हाल झाले ते तुम्हाला माहीत आहे."

"नक्कल मिळाली का नाही शेवटी? कैरीची नक्कल देतं का कुठलं हापिस?"

वाद आबांपर्यंत गेला. आबा दोघींचं ऐकून घेऊन बाहेर निघून गेले. सध्या कागदावर बरणी 40ला आहे.